चेंडू हवेत असताना

नळस्टॉपला सिग्नलचे आकडे उलटे पळतात,
चार, तीन,
आणि दोनला सगळी पुढची चाकं पांढऱ्या पट्ट्याच्या पलीकडे.
माझंही.
मागून हॉर्न वाजतो. तीही शिट्टीच, उलट्या कामाची:
थांबलास का, म्हणून.

दुपारी साडेतीनला मुलींचा अंतिम सामना, आंतरमहाविद्यालयीन.
मी मुकुंद ढमढेरे, पतसंस्थेत वसुलीला,
शनिवारी अर्धी रजा, गळ्यात शिट्टी.
कोर्ट सिमेंटचं, परवाच रंगवलेलं.
नव्या पट्ट्याखालून जुना पट्टा बोटभर डोकावत होता.
कोंढरेने विचारलं, कुठला धरायचा?
नवा, म्हटलं. दोघी कर्णधारांना बोलावलं
आणि बुटाच्या टोकाने दाखवला.

फ्री थ्रोचा नियम पुस्तकात चार ओळींचा:
थ्रो घेणारीच्या हातून चेंडू सुटेपर्यंत
कडेच्या मुलींनी आत पाऊल टाकायचं नाही.
आता टाच उचलली, तर ते पाऊल का?
अंग झुकलं, बूट जागेवरच, तर?
पहिल्या क्वार्टरला मी नुसता ओरडतो, "पाय, पाय",
ओल्या फरशीवरून जाणाऱ्याला म्हणावं तसं.
दुसऱ्याला डोळे वटारतो.
तिसऱ्याला त्या ऐकत नाहीत
आणि खरं सांगायचं तर मीही तितकंसं बघत नाही.
खोखोच्या पंचांचं बरं, खांब तरी लाकडाचा असतो.

शेवटचे नऊ सेकंद. एकसष्ट-एकसष्ट.
मृण्मयी वाळिंबे रेषेवर, दुसरा थ्रो.
रिंगखाली, माझ्या बाजूला, शमा आतार,
गुडघ्याला क्रेप बँडेज, ओठ दातांत.
चेंडू मृण्मयीच्या बोटांवरच होता
आणि शमाचा उजवा बूट पट्ट्याच्या आत.
वीतभर.
दिसला.

यातली गंमत मी घरीसुद्धा कधी सांगितलेली नाही.
चेंडू आत गेला, तर ते पाऊल पडलंच नाही.
नियमच तसा: बास्केट मोजा, पाऊल सोडा.
नाही गेला, तर पडलं, थ्रो पुन्हा.
म्हणजे चेंडू हवेत असताना
शमाने चूक केलीय असं नाही,
नाही केली असंही नाही,
आणि शिट्टी माझ्या दातांत, ओली,
आतली गोळी तळाशी गप्प.
वसुलीत असं नसतं. हप्ता चुकला की चुकला.

चेंडू रिंगच्या कडेवर बसला,
जरा विचार केल्यासारखा,
आणि बाहेर आला.

मी वाजवली.

पुन्हा थ्रो. रिंगला जाळी नव्हतीच,
त्यामुळे गेला की नाही ते
मैदानाच्या त्या बाजूला ओरडा झाला तेव्हाच सगळ्यांना कळलं.
बासष्ट-एकसष्ट. उरलेल्या नऊ सेकंदांत
कोणाच्याच हातून काही झालं नाही.

त्यांच्या ओतुरकर मॅडम जवळून गेल्या, थांबल्या नाहीत.
"चष्मा नवा दिसतोय, सर.
शेवटच्या मिनिटापुरताच आणलात का?"

गुणपत्रकावर सही करत होतो, तेव्हा शमा आली,
बँडेज सोडून हातावर गुंडाळत.
"सर, पलीकडची पण आत होती."
मी म्हणालो, ती बाजू कोंढरे सरांची.
हे खरं आहे. बाजू वाटून घेतलेल्या असतात,
नाहीतर चार डोळ्यांना दहा बूट पुरत नाहीत.
"हो, पण तुम्हाला दिसली का?"

तिचा आवाज चढलेला नव्हता.
पाणी आहे का, विचारावं तसा.

मी सहीखाली तारीख टाकली.
मग वेळ टाकली, पाच दहा.
त्या रकान्यात वेळ टाकायची नसते.