त्रेसष्ट टक्के

रात्रीचे पावणेबारा. विडी घरकुल.
लाइट आहे, हे आधी नोंदवून ठेवते,
कारण सुरुवात लाइट जाण्यानेच झाली:
मंगळवारी, अपडेट अर्ध्यात असताना, पंखा थांबला,
मशीनही थांबली,
आणि परत उठली ती निळं तोंड घेऊन.

मशीन म्हणजे काय, तर
कन्ना चौकातल्या बंद पडलेल्या कॅफेचं कॅबिनेट,
कुरिअरने आलेला कुणाचा तरी जुना बोर्ड,
रॅम दोन: एक माझ्या पहिल्या पगारातली,
एक यादगिरीने दिलेली,
"चालतीय, पण लई ताणू नको" असं सांगून.
पॉवर सप्लाय तेवढा नवा. तिथे पैसे वाचवले नाहीत.
उजव्या बाजूला झाकण नाही.
तिथून तंबाखूची धूळ आत जाते,
तपकिरी, बारीक, माझ्याआधी.

समोर आई, मांडीवर सूप.
उद्याच्या हजारातल्या तीनशे राहिल्यात.
पान, चिमूट, वळ, दोरा.
मी पेनड्राइव्ह खोचते.
बायोसमध्ये जाऊन क्रम बदलते.
फाइली उतरू लागतात.

"येमैंदे? किती झालं?"
"त्रेसष्ट."
"एवढंच?"

त्रेसष्टवर थांबते. एक फाइल सापडत नाही म्हणते.
पेनड्राइव्ह बदलला. त्रेसष्ट.
सगळं पुन्हा डाउनलोड केलं,
मोबाइलचा उरलासुरला डेटा जाळून. त्रेसष्ट.
चौथ्यांदा एकाहत्तर.
इथे आशा वाटायला हवी होती. मला संशय आला.
जी चूक जागा बदलते
ती फाइलीत नसते.

मग रॅम काढल्या दोन्ही.
भाचीच्या दप्तरातला खोडरबर, स्ट्रॉबेरीच्या वासाचा,
सोनेरी दातांवरून फिरवला हळूहळू.
मनात यादगिरीला मेसेज तयार होता,
चांगला लांब,
त्यात "मला माहीतच होतं" दोनदा.

एकेक लावून पाहिली.
त्याची लावली: शांत, सरळ, शंभर.
माझी लावली: त्रेसष्ट.

आईने सुपातली एक विडी उचलली,
दोन बोटांत दाबली, बाजूला टाकली.
"तिथं छाटायच्या आधी
इथंच छाटावी," म्हणाली,
माझ्याकडे न बघता, आणि माझ्याबद्दल नाही.

शंभर टक्के. आता भीती दुसरी.
जुन्या डिस्कवर अकरा वर्षं आहेत:
टॉवेलची लेबलं, पत्रिका,
गुंडेटींच्या आजोबांचं दहाव्याचं कार्ड,
ज्यात नाव चुकलं होतं आणि कुणी काही बोललं नाही.
लाइट गेली तर? म्हणून मशीन बंद करून
तिची केबल काढून ठेवली.
सुरू केली.
काळा पडदा. एक ओळ.
सुरू करण्यासारखं काही सापडलं नाही.

दीड वाजला, दोन वाजले.
केबल बदल, खाच बदल, नाण्याएवढा सेल काढ,
दहा मिनिटं थांब, घाल.
शेजारच्या कूलरचं पाणी संपलं, तो नुसताच घरघरत राहिला.

मग कळलं, हसू आलं, रागही:
घर नव्या डिस्कवर बांधलं होतं इन्स्टॉलरने,
दार मात्र बसवलं जुनीवर.
जुनी काढून मी दारच काढून नेलं होतं.

केबल परत लावली तर आत्ता भागलं असतं.
पण मग कायमचं, रोज सकाळी,
तिच्यातूनच आत यायचं.
नको. जुनी बाहेरच राहू दे, उशीच्या खोळीत.
नवी पुसली. पहिल्यापासून.

दोन चाळीस.
आईने शेवटचा कट्टा बांधला, सूप भिंतीला टेकवलं,
आणि तिथेच आडवी झाली, बोटं अजून वळत.
एकोणसाठ.
मच्छर.
एकसष्ट.
मी मोबाइल घेतला, तो लांब मेसेज मनातूनच खोडला
आणि लिहिलं:
तुझी चालतीय.

वर पाहिलं तर अडुसष्ट.