आवतन

सहा पत्रं आली.
सहाही मी पाण्याच्या टाकीवर चढून वाचली,
कारण आमच्या आरोग्य केंद्रात नेटवर्क
लोखंडी शिडीच्या अकराव्या पायरीपासून सुरू होतं.

मुलाखतीला या, म्हणतात अमेरिकेतली सहा इस्पितळं.
या म्हणजे पडद्यावर या.
त्यांचे सकाळचे साडेनऊ, माझे रात्रीचे आठ.
वेचणीचे दिवस. बाया शेतातून उशिरा येतात,
बोटांत बोंडांचे काटे, कडेवर तापलेलं पोर.
आठला ओपीडी संपेल असं कोण लिहून देणार?

चार जमतील.
दोघांना नाही म्हणायचं.

नाही म्हणायचं कसं, हे कॉलेजात शिकवलं नाही.
आमच्या घरात एकच नकार माहीत :
पत्रिका जुळत नाही.
ताईची सातदा जुळली नाही.
आठवा "कळवतो" म्हणाला आणि कळवलंच नाही.
आईनं अडीच महिने
चांगल्या कपबशा फळीवरून खाली काढून ठेवलेल्या.

मी लिहायला बसले.
आपल्या नामांकित संस्थेनं, माझ्यासारखीचा, वगैरे.
मग बॉण्ड, मग बाबांचा गुडघा,
रात्रपाळी, रेंज, मार्डीचा रस्ता.
एकवीस ओळी झाल्या.

पुष्पकला आत्राम लसीच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या रचत होती.
"काय लिहून रायल्या मॅडम येवढं?"
सांगितलं.
"म्हंजे आवतन हाय."
हो.
"आन् जेवाले जाचं नाही."
नाही.
"मंग चूल पेटाच्या आंधी सांगा न.
आन् कावून येत नाही थे सांगू नोका.
त्याहीले भाताशी मतलब,
तुमच्या पोटदुखीशी नाही."
डब्याचं झाकण टक्कन लावून ती उपकेंद्राला निघून गेली.

एकवीसच्या दोन ओळी केल्या.
निमंत्रणाबद्दल आभार. मी येऊ शकणार नाही,
ही वेळ कृपया दुसऱ्या कुणाला द्यावी.
अश्लेषा खिरटकर.

अकराव्या पायरीवर गोल गोल फिरत राहिलं ते,
मग गेलं.
खाली मारोती टेकाम ओरडत होता,
चौदा! चौदा नंबर हाय का? चौदा गेला. पंधरा!
आणि पंधरा नंबरची बाई
आकडा पुरता ऐकायच्या आतच उठून उभी राहिली होती.

दुसरं पत्र चार दिवस राहिलं.
तिथल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंनी
खाली वेगळं लिहिलं होतं :
तुमचं गाव नकाशात शोधलं, सापडलं नाही,
नदी मात्र सापडली.
अशा माणसाला दोन ओळींत कसं उरकायचं?
चारही दिवस मला कुठेतरी भात शिजल्याचा वास येत होता.
पाचव्या दिवशी पाठवलं.
तिसरी ओळ पुष्पकलाला न विचारता घातली :
नदीचं नाव वर्धा. बरोबर तीच.

उत्तरं आली, एकेका ओळीची.
वेळेवर कळवल्याबद्दल आभार.
एवढंच असतं तर.

मार्चात माझा बॉण्ड संपतो.
इथे कुणी मला राहा म्हटलेलं नाही.
क्वार्टरला चुना लागला, न सांगता.
न्हाणीची कडी बसली, जी दोन वर्षं नव्हती.
सरपंचबाईंनी तुरीच्या शेंगा पाठवल्या,
पोरीच्या हाती, निरोप काही नाही.
आवतनच दिलं नाही कुणी,
तर मी नाही कशाला म्हणू?

आज शिडीवरून पाहते तर
मारोती स्टुलावर उभा,
दाराशेजारच्या फळ्यावर माझं नाव लिहितोय.
दोन वर्षं ते खडूनं होतं.
आज हातात ऑइल पेंटचा डबा.
डॉ. झालं. अ झाला.
पुढे अडलाय.
"मॅडम," ब्रश वर धरून विचारतो,
"हा श्ले कसा काढाचा?"

एक थेंब ओघळून त्याच्या मनगटावर येतो.
मी खाली उतरते.
अकरा पायऱ्या आहेत.