लिफाफा क्रमांक एकेचाळीस

ग्रिम्सबीत पहाटे साडेतीनला
खिडक्या लावल्या तरी मासळीचा वास आत येतोच.
लॉर्ना ब्लँचर्ड, पहिलटकरीण, तीन सेंटीमीटर,
पलंगाच्या कडेला पाय सोडून बसली आहे,
पोटाशी उशी, पाठ माझ्याकडे.

मी सांगते, आज चौथ्यांदा:
औषध एकच. वाटा दोन.
एक सुई पडद्याच्या आत उतरते, पाण्यात,
जिथे मज्जातंतूंच्या मुळ्या सुटलेल्या केसांसारख्या तरंगतात.
तिथे पंचवीस मायक्रोग्रॅम पुरतात,
चिमणीच्या चोचीत मावेल इतकं.
दुसरी पडद्याच्या अलीकडेच थांबते.
तिथे चौपट लागतं,
आणि ते झिरपत जातं सावकाश,
बंद दाराखालून उजेड यावा तसं.
दोन्हींत पाय तुझेच राहतील.
कुठली वाट बरी, आम्हाला अजून नक्की ठाऊक नाही.
म्हणून हा लिफाफा.

"म्हणजे लॉटरी."
हो, लॉटरीच. सही इथे.

चिठ्ठीत निघतं: अलीकडे.

कळ येते. ती बोलायची थांबते,
सुई हातात धरून मीही थांबते.
भर कळेत पाठीला हात लावू नये
हे मला बर्नाडेट सुईणीने शिकवलं,
जिने सुई कधी धरली नाही,
तीस वर्षं फक्त हात धरले.

मग पिस्टनवर अंगठा.
आधी दगड, मग कच्चा पेरू,
मग एकदम काहीच नाही:
दार उघडंच होतं हे माहीत नसताना
खांदा लावावा, तसा जीव पुढे पडतो.
आणि तिथेच थांबायचं असतं.

शून्य ते दहा, किती?
"आठ."
पाच मिनिटांनी?
"आठ. हे पाणी तर नाही ना?"

भिंतीपलीकडे सहा नंबरमध्ये अग्न्येश्का व्रोना.
तिच्या चिठ्ठीत दुसरी वाट निघाली,
आणि आता ती टोस्ट मागते आहे, नाक खाजवते आहे,
खाजवता खाजवता हसते आहे.
"तिला काय दिलंत?"
तेच.
"खोटं."

"तुमच्या भाषेत ह्याला काय म्हणतात?"
कळ.
"कॉल?"
जवळपास.
दिव्याच्या बटणालाही कळच म्हणतात
आणि समजण्याला कळणं,
हे सांगायचं राहून जातं, कारण पुढची येते
आणि ती माझं मनगट धरते.

माझ्या वेळी उदगीरला आईला
एकच औषध मिळालं होतं: कळ काढ.
दोन शब्द, तोंडावाटे, दर पाच मिनिटांनी.
परिणामाची नोंद नाही.
मागे फोनवर तिला माझं काम समजावलं
तर म्हणाली, मग तुमच्याकडे बाया ओरडत नाहीत?
ओरडतात की, म्हटलं. सुई येईपर्यंत.
ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग भाजीचं विचारलं.

बाराव्या मिनिटाला सहा.
अठराव्याला तीन.
बाविसाव्याला लॉर्ना यंत्राकडे बघते.
कागदावर टेकाड चढतं आहे.
"ही आली ना?"
आली.
"दिसतेय. लागत नाहीये."
दुसऱ्या गावावर पडणारा पाऊस
ओट्यावर बसून बघावा तशी ती बघत राहते.

मी रकाने भरते.
आराम पडायला लागलेला वेळ: बावीस. तिकडे: पाच.
खाज: नाही. तिकडे: हो, नाकाला.
समाधान, दहापैकी: दहा. तिकडे: दहा.
पर्यवेक्षकांना हे आवडणार नाही.
माझ्या मनगटावर नखांच्या चार कोरी उमटल्या आहेत,
त्यांना रकाना नाही. बाहीखाली जातील.

खाली बंदरावर लिलावाची शिटी होते.
आणि मग सहा नंबरची घंटा.
दीड तास झाला. चोचीतलं संपलं.
भिंतीपलीकडे हसू थांबलं आहे,
पोलिश भाषेत काहीतरी म्हणते आहे ती, एकच शब्द, पुन्हा पुन्हा.
मला पोलिश येत नाही.

ट्रे उचलते.
लॉर्नाला म्हणते, येते.
ती विचारते, "जाताय?"