नमुना चौदा

हेलसिंकीच्या तळघरात
शिशाच्या विटांची कोनाड्याएवढी कोठडी.
शिसं एका बुडालेल्या जहाजाचं,
दोनशे वर्षं पाण्याखाली निवत गेलेलं.
आत स्फटिक, स्फटिकामागे नळी
आणि समोर रिकामी डबी.
रिकामी म्हणजे धुऊन-पुसून रिकामी.

तरी काटा हलायचा.
मिनिटाला चौतीस.

काउकोनं दिवे बदलले, भिंत खरवडली,
एकदा मलाच म्हणाला, हेल्वी, तू बाहेर जा,
तुझ्या हाडामांसातही पोटॅशियम आहे.
मी जिन्यात बसून मोजा विणला.
चौतीसच.

नऊ आठवड्यांनी कळलं, चोर घरातलाच:
नळीची काच स्वतःच कुजबुजत होती.
क्वार्ट्झची बसवली. अकरा.
त्याखाली काही केल्या उतरेना,
तेव्हा अकरालाच शून्य म्हणायला शिकलो.

मार्चमध्ये इनारीहून साम्मोल आला,
वर्तमानपत्रात गुंडाळलेलं रेनडिअरचं मांस घेऊन.
बॉम्ब फुटला होता कुठल्या कुठे.
मग वारा, बर्फ, दगडफूल,
मग हे.

मी चिठ्ठीवर लिहिलं, नमुना चौदा.
त्यानं शिसपेन्सिल मागून घेतली,
आकडा खोडला नाही,
शेजारी एक कान काढला, कानाला दोन खाचा.
'बहिणीची मादी. बर्फात वाट हीच काढायची.'

एक हजार सहाशे दोन.
वजा अकरा.

'मग, खायचं का?'
काउको यंत्राची खुंटी उगाच फिरवत राहिला.

वही अजून आहे. वजाबाकी बरोबर आहे.
त्या खाचांवरून बोट फिरवलं
तर थोडं काळं अजून लागतं.