मेणबत्त्यांचा हिशेब

आकडा नंतर वाचा. आधी हे जाड हातमोजे घाला,
हो, इथेच, गल्ल्यासमोर.
आता बटण शोधा.
नाही ना सापडत? मग ठेवा तो जागेवर.
आठशे ल्युमेन असो की हजार,
वर वारा सुटला की बोटंच आंधळी होतात आधी.

ब्लायनायमध्ये नवीन दिसता.
खिडकीतून दिसतात ते डोंगर नव्हेत,
डोंगराच्या पोटातून काढून टाकलेला पाटीचा दगड आहे तो.
माझे पणजोबा त्या पोटात उतरत.
चिखलाच्या गोळ्यात मेणबत्ती खोचायची,
गोळा भिंतीला थापायचा,
आणि ती जळेल तेवढ्यात जमेल तेवढं फोडायचं.
मेणबत्ती मालक देत नसे, मजुरीतून कापत.
वही आहे माझ्याकडे त्यांची:
मेणबत्त्या, बूट, दोर, मेणबत्त्या,
मुलीचं औषध, मेणबत्त्या.
भाकरीच्या सुट्टीत चौघं मिळून एकच ठेवत पेटती.
बाकीच्या तीन विझवून खिशात.

म्हणून सांगतो, तंबूत सगळ्यांनी दिवे लावू नका.
एकच लावा, पाण्याच्या पांढऱ्या कॅनला टेकवून,
कॅनच कंदील होतो.
हा लाल उजेड नकाशासाठी. हसू नका,
पांढरा लावलात की पुढची वीस मिनिटं
डोळे रात्रीशी बोलत नाहीत.
आणि समोरच्याशी बोलताना मान खाली घाला,
नाहीतर तो तुमचा चेहरा नाही, फक्त वीज बघतो.
थंडीत सेल झोपायच्या पिशवीत घ्या, पायांशी,
मांजरासारखे.

कपाळावरचा की हातातला?

माझी बायको, नेरिस. रातांधळेपणा आहे तिला,
दरवर्षी थोडा जास्त.
गेल्या हेमंतात म्हणाली, मोएल्विन चढायचाय, रात्री,
अजून थोडं दिसतंय तोवर.
दुकानातले सगळे दिवे नेले मी मागच्या बोळात.
एकेक करून तिच्या कपाळाला बांधले.
प्रत्येकाला ती म्हणे, सपाट.
बरोबरच होतं तिचं.
डोळ्यांशेजारून निघालेला उजेड
सावल्या दगडांच्या मागे लपवतो;
खड्डा काय, डाग काय, सारखेच.
शेवटी सगळ्यांत स्वस्त होता तो
तिच्या कमरेच्या पट्ट्याला अडकवला.
सावल्या एकदम लांब झाल्या, बोळभर.
ती वाकली, हात लावून बघितलं,
म्हणाली, "आता दगडांना पाठ आहे, इवोर."

चढलो. सव्वातीन तास,
एरवी दीड लागतो.
माथ्याजवळ म्हणाली, विझव दोन्ही.
विझवले.
मला धरणाचं पाणी दिसलं, खाली गावाचे चार ठिपके,
आणि वर इतकं काही
की बघता बघता तोल जावा.
तिला काहीच नाही.
"तू बघ," म्हणाली, "आणि सांग."
मी सुरुवात केली.
खूप तारे आहेत, म्हणालो.
मग, खूपच आहेत.
चाळीस वर्षं दिवे विकतोय मी,
आणि उजेडाबद्दल माझ्याकडे एवढेच शब्द निघाले.
तिने माझी बाही धरली होती.
वाऱ्यात बराच वेळ आम्ही तसेच.
तिने लावायला सांगितलं नाही,
मीही लावला नाही.

तर तुमच्यासोबत कोण आहे?
कुणीच नाही?
मग दोन घ्या. एक तुमचा,
एक वाटेत कुणाचा तरी बंद पडलेला असतो त्याच्यासाठी.
नाही नाही, दुसऱ्याचे पैसे अर्धेच लावतो.

थांबा. सेलच्या टोकाशी कागदाची पट्टी सरकवतो,
पिशवीत आपोआप पेटायला नको.
तुमच्याच पावतीचा तुकडा आहे.
झालं.
दाराबाहेर दोन पायऱ्या आहेत, जपून.
तिथला बल्ब गेलाय,
महिना झाला.