बरोबरची खूण

फहाहीलला त्या शुक्रवारी धूळ उठली होती,
समुद्र चार गल्ल्यांवर असून दिसत नव्हता.
शमशूचाचांनी दाराखाली ओला टॉवेल कोंबला
आणि म्हणाले, बघ बाबा, माझ्या कंप्युटरात कोण शिरलंय.

शिरले होते बरेच जण.
पडद्यावर आधी एक घड्याळ, मग एक गाडी,
मग केस उगवणारं तेल,
चाचांचं टक्कल त्यांनी कुठून पाहिलं देव जाणे,
मग अभिनंदन, अभिनंदन,
तुम्ही आमचे दहालाखावे पाहुणे.
"रोज मीच दहालाखावा," चाचा म्हणाले,
"बत्तीस वर्षं काढली या मुलखात,
एवढं अगत्य कुणी केलं नाही."

मी आधी नेटची वायर उपसली.
तेल अर्ध्या बाटलीवर थिजलं.
"त्या लाल फुलीवर तर मी सारखा दाबत होतो."
चाचा, ती फुलीसुद्धा जाहिरातच.
तिच्या नादाला न लागता
अख्खी खिडकी खालून बंद करायची.
ते गप्प झाले. जन्मभर वेल्डिंग केलेल्या माणसाला
खोटी कडी म्हणजे काय, ते सांगावं लागत नाही.

मग एकेक.
ब्राउझरच्या कपाळावरची पट्टी सोलून काढली.
कधीतरी "हो, कळवा" म्हणून दिलेल्या परवानग्या,
सतराच्या सतरा मागे घेतल्या.
दोन एक्स्टेन्शन उडवली,
एकाचं नाव मदतनीस, दुसऱ्याचं रक्षक.
मशीन पुन्हा चालू केलं
तर पट्टी हजर, इस्त्री करून आल्यासारखी.
कुठेतरी एक काम लावून ठेवलं होतं त्यांनी,
रोज पहाटे सव्वापाचला,
चाचांच्या कंपनीची बस येते त्या वेळेला:
मेला असेल तर उठव.
ते सापडेपर्यंत चहावर साय धरली.

शेवटी प्रोग्रामांची यादी तारखेनं लावली.
पाचही जण तिथे होते, एकाखाली एक,
एकाच दिवसाचे.
अकरा मार्च.

अकरा मार्चला या खुर्चीत मी बसलो होतो.
झुलेखाच्या लग्नाची फिल्म बाणकोटहून आली होती,
उघडत नव्हती,
चाचांना लग्नाला रजा मिळाली नव्हती,
आणि खाली माझी गाडी दुसऱ्याच्या गाडीआड उभी होती.
मी एक फुकटचा कन्व्हर्टर उतरवला,
दिसला त्या पहिल्या पानावरून.
बनवणाऱ्याच्या दारापर्यंत गेलोच नाही.
पुढे, पुढे, मान्य आहे, पुढे.
कुठल्याशा पायरीवर बारीक अक्षरांत
पाच चौकटी असणार,
प्रत्येकीत आधीच कुणीतरी मारून ठेवलेली
बरोबरची खूण.

चाचांनी त्या रात्री लेकीचं लग्न दोनदा पाहिलं.
दुसऱ्यांदा आवाज बंद करून.

पाचही काढले. तपासणी लावली.
ती चालू असताना कॅबिनेट उघडलं,
पंख्यात वाळू, मैद्यासारखी,
ओला टॉवेल, बंद खिडक्या, सगळं असून.
रंगाच्या ब्रशनं झाडत झाडत सांगत राहिलो:
झटपट नको, सावकाशवाला पर्याय निवडायचा.
आयत्या खुणा आपण काढायच्या.
फुकट असेल तर दोनदा वाचायचं.
चाचांनी सळयांच्या हिशेबाच्या वहीत उतरवून घेतलं,
आणि त्याखाली रेघ मारली.

दोन दिनार पुढे केले, मी घेतले नाहीत.
"का रे?"
असंच.
"आले कधी हे लोक?"
मार्चमध्ये, मी म्हणालो, ब्रशकडे बघत.

ते जरा वेळ आठवत राहिले.
तव्यावर झुबैदी होता, म्हणजे आपलं पापलेट,
त्याची बाजू पलटली.
"मार्चात तर तूच आला होतास,"
एवढंच म्हणाले,
आणि मधला तुकडा माझ्या भाकरीवर ठेवला.