एक नंबर मोठे

ब्लूबेरीचा हंगाम संपला तेव्हा
नखं जांभळी होती आमची.
आता तो रंगही उतरला,
कोल्चानेची दोरी मात्र तिथंच.

पलीकडे बोलिव्हिया.
तोच वारा, तोच लामांचा उग्र वास,
आणि मास्क लावलेला एक पोरगा, खांद्याला बंदूक,
आमच्याच आयमारात म्हणतो,
"मावशी, मागं सरा."

निकासियानं लेकीसाठी घेतलेले बूट
दोरीखालून सरकवले.
त्यानं इकडंतिकडं बघितलं, फवारा मारला,
मिठाच्या ट्रकवाल्याकडे दिले.
कागद नाही, शिक्का नाही.
बूट गेले.

रात्री तंबूत,
गोठलेल्या बाटलीशेजारी,
ती वीत पसरून मापत होती
हवेतलं एक पाऊल.
"एक नंबर मोठेच घेतलेत," म्हणाली,
कुणी विचारलं नव्हतं तरी.